छोट्या रचनेचं व्हायोलिन

बेंगळुरूच्या आग्नेयेला, मोठ्या तळ्याच्या काठी वसलेलं बेळ्ळंदूर दोन दशकांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचं गाव होतं. आज आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांमुळे तिथल्या उंच इमारतींत कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी यांच्याबरोबर मराठीही नांदते. अशा वस्तीत व्हायोलिन हाती घेणाऱ्या मुलापुढे साधारण दोन वाटा असतात. एक कर्नाटक संगीताची: सरळे वरसे, जंटी वरसे, अलंकार, मग गीतं, वर्णं आणि पुढे कृती. दुसरी लंडनच्या परीक्षा मंडळांच्या ग्रेडची: स्केल्स, नोटेशनचं वाचन, कानाची परीक्षा आणि प्रत्येक ग्रेडला तीन ठरावीक ‘पीस’. छोटी रचना दोन्ही वाटांवर भेटते आणि दोन्हीकडे ती पायरी मानली जाते. पाय ठेवायचा आणि वर जायचं; वर असतो तो विस्ताराने मांडलेला राग, किंवा ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचा कन्चेर्तो. तीन-चार मिनिटांची प्रेमभावाची, विरहाची किंवा नुसत्या हुरहुरीची रचना मैफलीच्या शेवटी श्रोत्यांना खूश करायला वाजवायची, असा दोन्हीकडचा रिवाज. माझं म्हणणं याच्या उलट आहे. आपल्याकडे व्हायोलिन रुजलं ते गाऊ शकतं म्हणून, आणि या गुणाची सर्वांत कडक परीक्षा छोट्या भावरचनेत होते. मोठ्या रचनेत वादकाला झाकायला जागा मिळते, छोट्या रचनेत ती मिळत नाही. दक्षिणेतल्या आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या व्हायोलिनचा दोनशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

हा इतिहास मराठी माणसाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचे पुत्र व्यंकोजी इथूनच पुढे कावेरीकाठी गेले आणि १६७०च्या दशकात तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं राहिलं. त्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात असलेले सरफोजी दुसरे यांनी मराठीत नृत्यासाठी निरूपणं रचली, दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला आणि युरोपातून छापील स्वरलिपीची पुस्तकं मागवली. त्यांतली काही आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तंजावरचे नामांकित चार भाऊ चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू याच दरबारात वाढले. त्यांतला धाकटा वडिवेलू व्हायोलिन शिकला आणि त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेला. महाराजांनी १८३४ मध्ये त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. वडिवेलूची ख्याती पदवर्णांची आणि नृत्यसंगीताची. म्हणजे दक्षिणेत व्हायोलिनला मान मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतला हा कलावंत नाचणाऱ्या पावलांसाठी आणि अभिनयाच्या बोलांसाठी वाजवणारा होता. नायिकेचा रुसवा आणि वाट पाहणं हे त्याच्या रचनांचे विषय होते.

दुसरी सुरुवात मद्रासची. मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षित (१७८६–१८५८) मणलीच्या श्रीमंत आश्रयदात्याच्या घरी असताना एका युरोपीय वादकाकडे तीन वर्षं व्हायोलिन शिकले आणि १८२४ मध्ये एट्टयपुरमचे दरबारी कलावंत झाले. याच काळात मुत्तुस्वामींनी फोर्ट सेंट जॉर्जच्या बँडवर ऐकलेल्या आयरिश, स्कॉटिश, इंग्रजी चालींवर संस्कृत शब्द बांधले. ही सुमारे ४० ‘नोट्टुस्वरं’. प्रत्येक काही ओळींची, दोन-तीन मिनिटांत संपणारी, गमक जवळजवळ नसलेली, शंकराभरणाच्या सरळ स्वरांत चालणारी. कमलांबेची नवावरणं ही मोठ्या कृतींची मालिका रचणाऱ्या माणसाला हे छोटे तुकडे करणं कमीपणाचं वाटलं नाही, ही गोष्ट छोट्या रचनेला हिणवणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे म्हैसूरच्या दरबारात असलेल्या मुत्तय्या भागवतरांनी (१८७७–१९४५) शंकराभरणातच ‘इंग्लिश नोट’ रचला आणि मदुरै मणी अय्यरांनी तो इतका लोकप्रिय केला की कचेरीच्या, म्हणजे कर्नाटक मैफलीच्या, शेवटी श्रोते त्याची फर्माईश करू लागले. परदेशी वाद्य आणि परदेशी छोटी चाल दक्षिणेत अशी हातात हात घालून आली. त्यांतलं वाद्य मुख्य झालं आणि चालीला मात्र कचेरीच्या शेवटची जागा मिळाली.

या शेवटच्या जागेत आणखी एक रचनाप्रकार बसवला गेला: जावळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हैसूर संस्थान आणि त्याच्या सीमेवरचा तेलुगू-तमिळ मुलूख हा जावळीचा प्रदेश होता. म्हैसूरचे पट्टाभिरामय्या आणि सरकारी कचेरीत नोकरी करणारे धर्मपुरी सुब्बराय हे तिचे गाजलेले रचनाकार. शृंगार उघड, शब्द रोजच्या बोलण्यातले, ठेका हलका, राग बहुधा खमाज, बेहाग, फरज असे. वीणा धनम्माळ (१८६७–१९३८) आणि त्यांच्या नाती टी. बृंदा, टी. मुक्ता यांनी जावळ्या ज्या निगुतीने जपल्या, त्यामुळेच आज हा ठेवा शिल्लक आहे. त्या घराण्यात जावळी मोठ्या रागाच्या तोडीने शिकवली जात असे. कुठला स्वर किती वेळ धरायचा, कुठे शब्द अर्धवट सोडायचा, कुठे नुसतं सुचवायचं, हे ठरलेलं. शृंगाराची रचना म्हणून ती हलकी आणि म्हणून सोपी, हे समीकरण त्यांनी मान्य केलं नव्हतं. व्हायोलिनवर जावळी वाजवून पाहिली की ते चूक का आहे ते लगेच कळतं. कृती वाजवताना निरवल आणि कल्पनास्वरांच्या उत्स्फूर्त विस्तारात वादकाला आधीची चूक भरून काढता येते. जावळीत पल्लवीची पहिली ओळच हुकली तर पुढे सावरायला काहीच उरत नाही.

मग ही रचना दुय्यम का ठरली? एक उत्तर दालनांत आणि आवाजात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संगीत राजवाडे आणि देवळांतून बाहेर पडून सभांमध्ये आलं. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला, बेंगळुरूत १९०५ मध्ये. तिकीट काढून आलेल्या मोठ्या जमावापुढे मायक्रोफोनशिवाय वाजवायचं तर नाजूक स्वर मागच्या रांगेत पोहोचत नाही. तिरुमकूडलु नरसीपूरचे टी. चौडय्या (१८९५–१९६७), बिडारम कृष्णप्पांचे शिष्य, यांनी या अडचणीवर काढलेला उपाय प्रसिद्ध आहे: नेहमीच्या चार तारांना आणखी तीन जोडून सात तारांचं व्हायोलिन, ज्यातून दुप्पट भरीव नाद निघे. मल्लेश्वरमच्या बाजूला १९८० मध्ये उभं राहिलेलं व्हायोलिनच्या आकाराचं चौडय्या सभागृह त्यांचं स्मारक आहे. चौडय्यांच्या थोरवीला बाधा न आणता एवढं म्हणता येईल की तो काळ भरघोस नादाचा होता आणि कुजबुजणाऱ्या रचनेसाठी तो अनुकूल नव्हता. मायक्रोफोन आणि रेडिओ आल्यावर परिस्थिती पालटली. म्हैसुरात एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं आणि त्याचं ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे देशभर झालं. आता वादकाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी गज दाबण्याची गरज उरली नाही. तारेवर गज जेमतेम टेकवून काढलेला स्वरही घराघरांत ऐकू जाऊ लागला. छोट्या भावरचनेचा आपल्याकडचा सुवर्णकाळ यानंतर सुरू होतो, हा योगायोग नाही.

याच म्हैसूरच्या राजवाड्यात पाश्चात्त्य संगीतही होतं. नाल्वडी कृष्णराज वडेयर (१८८४–१९४०) स्वतः व्हायोलिन वाजवीत, आणि राजवाड्याचा पाश्चात्त्य वाद्यवृंद जर्मन बँडमास्टर ओटो श्मिट यांच्या हाताखाली होता. कृष्णराजांचे पुतणे जयचामराज वडेयर यांनी तर निकोलाय मेत्नर या उपेक्षित रशियन संगीतकाराच्या रचना लंडनमध्ये ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून पैसा पुरवला. मेत्नर मुख्यतः पियानोवरच्या छोट्या ‘कथां’साठी ओळखला जातो. दोन-पाच मिनिटांच्या या रचनांवर एका भारतीय महाराजांनी इतका जीव लावावा, यावरून त्या दरबारात संगीताची प्रतिष्ठा मिनिटांवर मोजली जात नसे एवढं दिसतं.

युरोपात या छोट्या रचनांचा स्वतःचा इतिहास आहे. आणि तिथूनच पहिला आक्षेप येतो: ही सगळी ग्रामोफोनची संतती आहे, तबकडीवर तीन मिनिटं मावत म्हणून तीन मिनिटांच्या रचना झाल्या, त्यात कलेची गरज कुठली? कालक्रम पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. शूमानचं ‘ट्रॉयमराय’ १८३८चं. एल्गारने ‘सालु दामूर’ १८८८ मध्ये आपल्या वाग्दत्त वधूसाठी लिहिलं आणि प्रकाशकाला किरकोळ रकमेला कायमचं विकून टाकलं. पुढे ते जगभर वाजलं, पण त्याच्या हाती फारसं काही आलं नाही. मासनेच्या ‘थाईस’ या ऑपेरातला ‘मेडिटेशन’ हा व्हायोलिनचा तुकडा १८९४चा. दोन प्रवेशांच्या मधल्या जागेत नायिकेचं मनपरिवर्तन तो शब्दांवाचून सांगतो. तबकड्यांचा मोठा व्यापार सुरू होण्याआधी या रचना घरांच्या दिवाणखान्यांत, छापील प्रतींतून पोहोचल्या होत्या. ग्रामोफोनने त्या निर्माण केल्या नाहीत, त्याला त्या आयत्या मिळाल्या. उलट सुरुवातीच्या ध्वनिमुद्रण यंत्रांना व्हायोलिनचा आवाज नीट पकडताच येत नसे, म्हणून ऑगस्टस स्ट्रोने कर्णा जोडलेलं व्हायोलिन बनवलं आणि ते स्टुडिओत वापरावं लागलं. छोटी रचना सोयीची होती म्हणून टिकली असं म्हणणाऱ्याने हेही सांगावं लागेल की त्याच तीन मिनिटांत बसवलेल्या हजारो रचना विसरल्या गेल्या आणि यांतल्या मोजक्याच का उरल्या.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. या रचना गोडगोड आहेत. त्यांत भावना आहे, विचार नाही. वादकाने आवंढा गिळायला लावायचा आणि टाळ्या घ्यायच्या. फ्रिट्झ क्राइस्लर (१८७५–१९६२) हे याचं ठरलेलं उदाहरण. ‘लीबेसफ्रॉइड’ आणि ‘लीबेसलाइड’, प्रेमाचा आनंद आणि प्रेमाचं दुःख, हे त्याचे जोडतुकडे आधी व्हिएन्नाच्या योझेफ लान्नरच्या नावावर वाजत. पुन्यानी, कूपरँ अशा जुन्या नावांखालीही त्याने स्वतःच्या रचना खपवल्या आणि १९३५ मध्ये ते उघड झाल्यावर लंडनच्या एका टीकाकाराने त्याच्यावर झोड उठवली. त्या प्रकरणात एक मौज आहे. जुन्या मोठ्या रचनाकारांचं नाव होतं तोवर समीक्षकांना या तुकड्यांत बांधणी, संयम, शैली सगळं दिसत होतं. नाव बदललं तेव्हा तेच तुकडे हलके झाले. म्हणजे हलकेपणाचा शिक्का पुष्कळदा रचनेवर बसण्याआधी लेबलावर बसतो. तरीही गोडपणाचा धोका खरा आहे, आणि त्याचं उत्तर रचनेपेक्षा वादनात शोधायला हवं.

जुनी ध्वनिमुद्रणं इथे पुरावा म्हणून हाताशी आहेत. व्हायोलिनवादक योआखिमने १९०३ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, स्वतःचा ‘रोमान्स’ आणि ब्राम्सची हंगेरियन नृत्यं तबकडीवर दिली. पुढच्या वर्षी सारासातेने. त्यांत आजच्या मानाने स्वर थरथरवणं फार कमी आहे आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट घसरत नेणं जास्त. क्राइस्लरने ते उलटं केलं: बोटाची थरथर जवळजवळ प्रत्येक स्वरावर, घसीट मात्र निवडून. व्हायोलिनशिक्षक कार्ल फ्लेशने १९२३च्या आपल्या ग्रंथात या घसिटीचे दोन प्रकार सांगितले, सुरुवातीच्या बोटाने घसरणं आणि पोहोचणाऱ्या बोटाने घसरणं, आणि दोन्हींचा अतिरेक झाला की वादन रडवेलं होतं असा इशारा दिला. यातून एक साधा नियम हाती येतो. भावरचनेत भाव वाढवायची साधनं मोजकी आहेत: घसीट, थरथर, लयीची ओढ आणि आवाजाचा चढ-उतार. ही चारही एकाच ठिकाणी वापरणारा वादक रचना बुडवतो. चांगला वादक एका ओळीत एकच साधन निवडतो आणि बाकीची तीन राखून ठेवतो. उंच स्वरावर घसरत पोहोचला तर तिथे थरथर कमी ठेवतो; लय मागे ओढली तर आवाज वाढवत नाही. मूळ ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा ती पहिल्यासारखीच वाजवायची की पुसटशी बदलायची, याचा निर्णय त्याने आधी घेतलेला असतो. गोडपणा हा बहुतेक वेळा निवड न केल्याचा परिणाम असतो. मोठ्या रचनेतही तो येतो, पण तिथे तो इतर गोष्टींच्या गर्दीत लपतो.

आपल्या बाजूला ही निवड कशी घडली ते पाहायला गोवा आणि मुंबईकडे वळावं लागतं. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत मेस्त्री मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवीत. मिस्सेत वाजवणारा हाच हात लग्नघरी मांडोला साथ करी. विरहाचा आणि ओढीचा हा कोंकणी गीतप्रकार व्हायोलिन आणि घुमट हे तालवाद्य यांच्या जोडीवर उभा आहे. या शाळांतून निघालेले वादक मुंबईची हॉटेलं, मूकपटांची थिएटरं आणि पुढे बोलपटांचे स्टुडिओ यांत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी प्यारेलाल यांच्यासारख्यांना व्हायोलिन शिकवलं आणि १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात लता मंगेशकर, मन्ना डे यांच्यासह मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. १९७७च्या एका चित्रपटातल्या गाण्याने त्यांचं नाव घरोघर पोहोचलं, पण त्या नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक झाला. स्टुडिओच्या बोलीत दोन कडव्यांमधल्या वाद्यांच्या जागेला ‘पीस’ म्हणतात. पंधरा-वीस सेकंदांत गाण्याचा भाव एका पायरीने पुढे न्यायचा, आणि गायकाला पुढच्या ओळीच्या उंबऱ्यावर आणून सोडायचं. छोटं वाजवण्याची याहून कडक शाळा जगात थोडीच असेल.

बोलपट रुजत होते त्याच सुमारास मराठीत भावगीत रुजलं. जी. एन. जोशी यांच्यासारख्यांनी १९३०च्या दशकात तबकड्यांवर ते आणलं, गजानन वाटवे यांनी ते मंचावर लोकप्रिय केलं. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं आठवड्यागणिक प्रसारित झाली, तेव्हा सुधीर फडके यांच्या आवाजाशेजारी प्रभाकर जोग यांचं व्हायोलिन होतं. नगर जिल्ह्यातल्या हरेगावी १९३२ मध्ये जन्मलेले, गजाननराव जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे शिकलेले जोग पुढे संगीतकार आणि संयोजक म्हणूनही नावाजले. पण मराठी श्रोत्यांच्या मनात ते राहिले ‘गाणारं व्हायोलिन’ या त्यांच्या उपक्रमामुळे. ऐकलेलं भावगीत शब्दांशिवाय, नुसत्या व्हायोलिनवर, तीन-चार मिनिटांत, मूळ चालीत फेरफार न करता ते वाजवीत. आणि श्रोते म्हणत की शब्द ऐकू आले. २०२१ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

शब्द ऐकू येतात म्हणजे नेमकं काय होतं? ही भाबडी प्रशंसा वाटते, पण तिच्यामागे तंत्र आहे. मराठी अक्षरात व्यंजन आधी येतं आणि स्वर नंतर लांबतो. गजाचा पहिला स्पर्श व्यंजनाचं काम करतो: ‘त’, ‘क’साठी टोकदार, ‘म’, ‘ल’साठी मऊ. डाव्या हाताचं बोट स्वराचं काम करतं: तो कुठे वळतो, कुठे ठरतो, कुठे कणस्वराला शिवून परत येतो. गज कुठे फिरवायचा हे लांबीवरून ठरवलं तर शब्द मधोमध तुटतो. म्हणून गजाची दिशा शब्दाच्या शेवटीच बदलायची, अगदी जोडाक्षर आलं तरी. ओळ संपते तिथे गायक श्वास घेतो, तिथे गज तारेवरून किंचित उचलायचा. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं डोकं पायाच्या टाचेजवळ टेकवतो. त्यामुळे वाद्य धरण्याच्या कामातून डावा हात मोकळा होतो आणि लांब मींड घोटून काढता येते. उभं राहून हनुवटीखाली वाद्य धरणाऱ्याला हेच करायला वेगळी कसरत करावी लागते. दक्षिणेत लालगुडी जयरामन (१९३०–२०१३) यांच्या बाणीचा आग्रहही हाच होता: कृती वाजवताना साहित्य बोलायला हवं. महाराष्ट्रात कुरुंदवाडचे डी. के. दातार (१९३२–२०१८) यांनी ख्यालाच्या गायकी अंगाने हेच साधलं. तीन वेगवेगळ्या संगीतप्रकारांतले वादक एकाच निष्कर्षाशी आले, यात बरंच काही आहे.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो सर्वांत चतुर आहे. शब्द माहीत असलेल्यालाच शब्द ऐकू येतात. चाल ओळखीची असते, श्रोता मनातल्या मनात गात असतो आणि श्रेय वादकाला देतो. मग ही कला परावलंबी ठरते. बेळ्ळंदूरमधल्या कन्नड शेजाऱ्याला मराठी भावगीत वाजवून दाखवा, काय उरतं? आक्षेपाचा पहिला भाग मान्य करायलाच हवा. ओळखीचा आनंद यात मोठा आहे. चेन्नईत कुन्नकुडी वैद्यनाथन (१९३५–२००८) चित्रपटगीतं वाजवीत तेव्हा सभागृह डोक्यावर घेतलं जाई आणि जाणकार नाकं मुरडत, त्याचं कारण हेच. पण ओळखीचा आनंद काढून टाकला तरी काही शिल्लक राहतं. शब्द हे श्रोत्यापेक्षा वादकासाठी असतात. बोलण्याचा विराम, प्रश्नाचा चढ, नकाराचा जोर, अर्धवट सोडलेल्या वाक्याची लकेर हे सगळं शब्द मनात ठेवूनच गजात उतरतं, आणि अर्थ न कळणाऱ्यालाही ही वळणं माणसाच्या बोलण्याची वाटतात. क्राइस्लरच्या तुकड्यांना शब्द नव्हतेच. ऐकणाऱ्याला तरीही कुणीतरी काही सांगतंय असं वाटतं. शब्द डोक्यात न ठेवता नुसती नोटेशन वाजवणारा वादक मराठी श्रोत्यालाही कंटाळवाणा वाटतो. म्हणजे परावलंबन असलंच तर ते वादकाचं आहे, आणि गाणारा गळाही शब्दांवर तसाच अवलंबून असतो.

शेवटचा आक्षेप शास्त्रीय संगीताचा अभिमान बाळगणाऱ्यांचा. आपल्या परंपरेचा प्राण उपज आहे. ठरलेली रचना ठरल्यासारखी वाजवणं ही कारागिरी झाली. याला उत्तर देताना दोन्ही कलांना एकाच मापाने मोजायचं नाही एवढं पथ्य पाळावं. रागविस्तारात वादक रस्ता शोधत जातो, आणि ते शोधणं हाच आपला आनंद असतो. छोट्या रचनेत रस्ता ठरलेला असतो. वादकाची बुद्धी दिसते ती कुठे थांबायचं यात. दातारांनी दत्तात्रेय विष्णू पलुसकरांना साथ केली. पलुसकरांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत राग, बंदिश आणि तान सगळं मावतं. ती काटकसर मोठी मैफल गाजवणाऱ्यांनाही सहज साधत नाही. स्वतः गजाननराव जोशी (१९११–१९८७) ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तीन गायकींचे जाणकार आणि व्हायोलिनचे एकलवादक. त्यांच्या शिष्याने भावगीताचं व्हायोलिन केलं. याला उतरंड म्हणण्यापेक्षा त्याच विद्येचा दुसरा उपयोग म्हणणं योग्य.

पुरावा एकत्र ठेवला तर निवाडा कठीण नाही. तंजावरच्या मराठी दरबारापासून पुण्याच्या आकाशवाणीपर्यंत व्हायोलिनने दर वेळी पाय रोवले ते गाण्याच्या शेजारी बसून, आणि प्रत्येक टप्प्यावर छोटी रचना त्याच्याबरोबर होती. तिला दुय्यम ठरवलं ते मोठ्या दालनांनी, घराण्यांच्या अहंकाराने आणि कधीकधी छापील नावाने. कलेच्या निकषावर ती कधी हरलेली नाही. म्हणून ज्यांच्या हाती कार्यक्रम ठरवणं आहे, मग ती बेंगळुरूतली मराठी मंडळं असोत की परीक्षेची तयारी करून घेणारे शिक्षक, त्यांच्याकडे तीन मागण्या आहेत. जावळी, मांडो, भावगीत, क्राइस्लर यांना शेवटच्या दहा मिनिटांच्या खिरापतीतून बाहेर काढून एका संध्याकाळचा पूर्ण पहिला भाग द्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत कवी, संगीतकार आणि वादक या तिघांचीही नावं छापा. आणि मुलाला नवा पीस देण्याआधी त्याने जुना पीस गाऊन दाखवावा असा नियम करा. जो गळ्याने ओळ म्हणू शकत नाही, त्याच्या गजातून ती निघणार नाही.